फवारणी कोण करतं?

माँट्रियलच्या जागतिक न्यूरॉलॉजी परिषदेला मी गेले ती ऐन गोडी छाटणीत, म्हणजे द्राक्षांच्या ऑक्टोबरातल्या फळछाटणीत. छाटणीत माझा काही उपयोग होतो अशातला भाग नाही. कात्री हातात दिली तर मी काडीवरचे डोळे मोजत बसेन आणि तोवर टोळी पुढच्या दोन ओळी उरकून चहाला बसलेली असेल. पण सासर निफाड तालुक्यातलं, घर द्राक्षबागायतदारांचं. तिथे ऑक्टोबरात घरातलं माणूस सहसा गाव सोडत नाही. त्यात २०२३चा तो ऑक्टोबर. भारत आणि कॅनडाचं असं काही फिसकटलं होतं की रोजच्या पेपरात व्हिसा नाहीतर राजनैतिक अधिकाऱ्यांची परतपाठवणी. सासूबाई म्हणाल्या, "तिकडून परत येऊ देतील ना गं तुला?" मी म्हटलं, येऊ देतील, उलट लवकर जा म्हणतील.

ही परिषद दर दोन वर्षांनी भरते. भरवणारी संस्था म्हणजे १९५७ साली ब्रसेल्सला स्थापन झालेली वर्ल्ड फेडरेशन ऑफ न्यूरॉलॉजी. आपल्याकडे ती १९८९ साली दिल्लीला झाली होती आणि आमच्या शिक्षकांच्या पिढीने तिच्या गोष्टी आम्हाला इतक्या वेळा सांगितल्यात, की आपणही तिथे होतो असं कधीकधी वाटतं. त्या गोष्टींत मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया हमखास असायचे. चालताना तोल जाणाऱ्या काही कुटुंबांमध्ये डोळे एका जागेवरून दुसरीकडे फार संथ वळतात, हे त्यांनी टिपलं आणि १९७१ साली लिहिलं. जनुक सापडायला पुढे पंचवीसेक वर्षं गेली. आधी डोळ्यांकडे नीट बघणं झालं, मग बाकीचं.

माँट्रियलचं सभागृह म्हणजे पॅले दे काँग्रे, दर्शनी भिंत रंगीत काचांची. सकाळी ऊन आलं की गुलाबी, पिवळे, हिरवे पट्टे फरशीवर लांबच लांब पसरतात आणि गळ्यात बॅज अडकवलेली, कॉफीचे कप सांभाळणारी जगभरची गंभीर माणसं त्या पट्ट्यांतून चालताना हिरवी-गुलाबी होतात. पहिल्या दिवशी मी हेच बघत बराच वेळ उभी होते. व्याख्यानं एका वेळी इतक्या दालनांत चालतात की कुठेही बसलं तरी आपलं चांगलं व्याख्यान दुसरीकडे चाललंय असं वाटत राहतं. अनुभवी लोक म्हणून पोस्टरच्या दालनात रमतात. तिथे निदान प्रश्न विचारता येतात आणि कुणीतरी गुजराती डॉक्टर पिशवीतून खाकरा काढतो.

त्या वर्षी हवा होती ती अल्झायमरच्या नव्या औषधांची. लेकानेमॅबला अमेरिकेत जुलैमध्येच पूर्ण मान्यता मिळालेली. आकडे सांगते, कारण पेशंटचे नातेवाईक अजून मला याबद्दल विचारतात. दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध, मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होतोय का हे बघायला वरचेवर एमआरआय आणि अमेरिकेतली किंमत वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने बावीस लाख रुपये. दीड वर्षाच्या अखेरीस औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक पडला १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ गुणांचा. शास्त्र म्हणून ही फार मोठी गोष्ट आहे, इतकी वर्षं सगळे प्रयत्न फसत गेले तिथे पहिल्यांदा काहीतरी हललं. पण रोज आईला आंघोळ घालणाऱ्या मुलीला हा पाव-अर्धा गुण घरात दिसेल का, याचं उत्तर दालनात कुणाकडे नव्हतं. टाळ्या मात्र भरपूर पडल्या, मीही वाजवल्या.

मला ओढ होती ती गावाची. मेंदूच्या डॉक्टरला माँट्रियल म्हणजे तीर्थक्षेत्रच. वाइल्डर पेनफिल्ड यांनी इथे १९३४ साली न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभारली. फिट्सच्या पेशंटला जागं ठेवून, नुसती कवटीची त्वचा बधिर करून ते मेंदू उघडायचे, बारीक विजेचा स्पर्श करायचे आणि विचारायचे, आता काय होतंय? पेशंट सांगायचा, अंगठ्याला मुंग्या आल्या, जीभ ओढली गेली, कुणीतरी गाणं म्हणतंय. मेंदूचा जो नकाशा आम्ही पहिल्या वर्षाला घोकतो तो या उत्तरांमधून तयार झाला. त्यांच्याच हाताखाली आलेल्या ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाई माँट्रियलहून अमेरिकेतल्या हार्टफर्डला जायच्या, १९५३ साली ऑपरेशननंतर नवी आठवणच न धरणाऱ्या एका तरुणाला तपासायला. तो दर वेळी त्यांना नव्याने भेटायचा आणि त्या न कंटाळता पहिल्यापासून विचारायच्या. परिषद चालू होती तेव्हा बाई १०५ वर्षांच्या होत्या आणि त्याच गावात राहत होत्या. संस्थेच्या इमारतीसमोर, डोंगराच्या उतारावर, मी एका संध्याकाळी नुसतीच उभी राहून आले. मेपल लाल झाले होते. फोटो काढले, ते धड आले नाहीत.

तर मुद्द्याची गोष्ट. एका दुपारी जेवणाच्या टेबलावर शेजारी क्यूबेकमधल्याच एक डॉक्टरबाई बसल्या. वयाने माझ्याहून मोठ्या, बोलणं फ्रेंच वळणाचं इंग्रजी. काम पार्किन्सन्सचं, म्हणजे हात थरथरणं, हालचाल मंदावणं या आजाराचं. माँट्रियलच्या दक्षिणेला सफरचंदांच्या बागा आहेत, त्यांचे बरेच पेशंट तिकडचे. मी कुठली म्हणून विचारलं तर मी सवयीने सांगितलं, मुंबईजवळ. मग म्हटलं, नाशिक, द्राक्षांचं गाव. त्यांनी काटा खाली ठेवला. "मग तुमच्याकडे फवारणी कोण करतं? मालक की मजूर?"

एवढ्या मोठ्या परिषदेत मला विचारला गेलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. त्या तो सहज विचारत नव्हत्या. क्यूबेकने २०२१ साली शेतातल्या कीडनाशकांशी वर्षानुवर्षं संबंध आलेल्यांचा पार्किन्सन्स हा व्यवसायजन्य आजार मानला. फ्रान्सने ते २०१२ सालीच केलं होतं, किमान १० वर्षांच्या संपर्काची अट घालून. म्हणजे बाईंच्या ओपीडीत "काय काम करायचात, किती वर्षं, कोणतं औषध" याची नोंद झाली की त्या कागदाला पैशाची किंमत येते. शेतकऱ्याला भरपाई मिळते किंवा नाकारली जाते, पण निदान दावा तरी करता येतो. त्या म्हणाल्या, कायदा झाल्यावर पेशंटांची स्मरणशक्ती एकदम सुधारली. मग स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, खरं तर आमची विचारण्याची शक्ती सुधारली.

कीडनाशकं आणि पार्किन्सन्स हा संबंध आजचा नाही. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण नशेबाज एकाएकी लाकडासारखे ताठ झाले. बोलता येईना, हलता येईना. विल्यम लँगस्टन यांनी माग काढला तेव्हा कळलं, घरच्या घरी बनवलेल्या हेरॉइनसारख्या मालात एमपीटीपी नावाची भेसळ होती. ती मेंदूत जाऊन ज्या रूपात बदलते, ते रूप डोपामीन बनवणाऱ्या नेमक्या त्याच पेशी मारतं, ज्या पार्किन्सन्समध्ये मरतात. आणि त्या रूपाची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी जवळजवळ जुळते. इतकंच नाही, तर तोच रेणू तणनाशक म्हणूनही आजमावला गेला होता. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७पासून बंद आहे. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात मिळतं. २००९ साली कॅलिफोर्नियाच्याच मध्य खोऱ्यातला अभ्यास आला: घराच्या ५०० मीटरच्या आत पॅराक्वाट आणि मॅनेब हे बुरशीनाशक ही दोन्ही फवारली गेली असतील तर पार्किन्सन्सचा धोका ७५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. नुसतं जवळ राहणाऱ्यांचा, फवारणाऱ्यांचा नव्हे. मॅनेबचं सख्खं भावंड म्हणजे मॅन्कोझेब, आणि ते नाशिकमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एम-पंचेचाळीस म्हटलं की पुरे. डाऊनी या बुरशीरोगाच्या दिवसांत त्याचा पिवळट थर पानांवर बसलेला आमच्याकडची शाळकरी पोरंसुद्धा ओळखतात.

अजून मागे जायचं तर जेम्स पार्किन्सनने १८१७ साली जे सहा पेशंट लिहून ठेवले, त्यातले काही तर त्याला लंडनच्या रस्त्यात दिसलेले, नुसते चालण्यावरून ओळखलेले. त्याने पहिला पेशंट म्हणून ज्याचं वर्णन केलं, तो पन्नाशी उलटलेला माळी होता. त्या काळी आजची औषधं नव्हती, त्यामुळे यातून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण पार्किन्सनने त्याचा धंदा विचारला होता आणि लिहून ठेवला होता.

आता आमच्या घरची गोष्ट. परतल्यावर दिवाळीच्या सुमारास निफाडला गेले. बागा फुटल्या होत्या, पोंगा अवस्था, म्हणजे डोळ्यांतून कोवळा फुटवा नुकता बाहेर आलेला. धाकटे दीर टाकीत औषध कालवत होते. आधी बादलीत पावडर, थोडं पाणी, काठीने ढवळणं, मग ती बादली मोठ्या टाकीत. नाकावर रुमाल, हातात काही नाही. नखांच्या कडांना मोरचुदाची निळसर झाक, जी मी त्यांच्या लग्नातल्या फोटोतही शोधली तर सापडेल. मी म्हटलं, "भाऊजी, हातमोजे कुठेत?" ते म्हणाले, "गाडीत आहेत वहिनी, इन्स्पेक्शनला लागतात."

हे विनोदाने म्हणाले, पण खरं तेच. निर्यातीच्या बागेची शिस्त बघावी अशी असते. २०१० साली युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून. निर्यातदारांनी हाय खाल्ली, बागायतदारांचे पैसे बुडाले, आणि त्यानंतर सगळे ताळ्यावर आले. ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी नोंदव्यवस्थेत प्लॉटची नोंदणी, प्रत्येक प्लॉटच्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची देखरेख, कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद याचे पीएचआय. भाऊजींची वही मी मांडीवर घेऊन वाचली. तारीख, वेळ, औषध, कारण, प्रमाण, पाणी, यंत्र. अक्षर सुरेख. किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत हिशेब लागतो आणि तो लागला नाही तर कंटेनर परत. हॉलंडमधल्या मुलाच्या डब्यात जाणाऱ्या मण्यावर काय आहे, ते आपल्याला बारीकसारीक ठाऊक आहे.

वहीत शेवटचा रकाना होता, फवारणी करणाऱ्याचं नाव. युरोपीय खरेदीदारांना तोही लागतो. तिथे दर ओळीत भाऊजींचं नाव. मी विचारलं, "सगळी तुम्हीच करता?"

"ब्लोअर मी चालवतो. पण ट्रॅक्टर शिरत नाही तिथे नळी असते. ती मुलं करतात."

मुलं म्हणजे सुरगाण्याची, पेठची, डोंगराकडच्या आदिवासी तालुक्यांतली. दरवर्षी येतात, छाटणी, पेस्टिंग (डोळ्यांना औषध लावणं), डिपिंग (घड औषधात बुडवणं), काढणी असं करत उन्हाळ्याला परत जातात. वहीत त्यांचं नाव का नाही, तर ती बदलत राहतात, शिवाय नाव घातलं की त्याचं प्रशिक्षण झालंय का विचारतात. भाऊजींचं यात काही लबाडीचं नव्हतं. तालुक्यात ज्याची वही उघडावी तिच्यात हेच दिसेल. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग होतं, त्यानंतर दारू प्यायली की चेहरा लाल, छातीत धडधड, कधी जिवावर बेतणं, हे त्या मुलांना माहीत असतं. भाऊजींनीच सांगितलेलं असतं. लगेच होणारं सगळ्यांना माहीत असतं. वीस वर्षांनी होणारं कोण कुणाला सांगणार, तेव्हा तो पोरगा सुरगाण्याच्या कुठल्या पाड्यावर असेल आणि हात का थरथरतो म्हणून भगताकडे जाईल की आमच्याकडे?

मी हे तिथे बोलले नाही. फराळाचं ताट समोर होतं. क्यूबेकच्या बाईंचा प्रश्न मात्र डोक्यात भुंगा घालत राहिला.

दिवाळीनंतर ओपीडीत दिंडोरीकडचे एक आजोबा आले. उजवा हात चालताना हलत नव्हता, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटायला सांगितली तर चार-पाच ठोक्यांत हालचाल लहान लहान होत जवळजवळ थांबली. सही आधी बँकेत चालायची, आता चालत नाही. शर्टाची बटणं बायको लावते. निदानाला फार डोकं लागत नव्हतं. लिव्होडोपा हे पार्किन्सन्सचं नेहमीचं औषध सुरू करायचं होतं, ते खाजकुहिलीचं चूर्ण आधीच घेत होते आणि त्या बियांत तेच लिव्होडोपा असतं, म्हणून डोसाचा हिशेब जपून करायचा होता. एरवी मी तिथेच उठले असते. पण विचारलं, बाबा, बागेत फवारणी कोण करायचं?

"मीच की. आधी पाठीवरचा पंप, मग एचटीपी, मशीनवरचा पंप. पोरगं हाताशी आल्यावर सोडलं."

"वास कधीपासून येत नाही?"

ते माझ्याकडे बघत राहिले. बायको म्हणाली, "लई वर्सं झाली. डबा उघडला की आम्ही तोंड फिरवायचो, यांना काहीच नाही. लोक म्हणायचे, याला सवय झाली."

पार्किन्सन्समध्ये वास जाणं, बद्धकोष्ठ आणि झोपेत हातपाय झाडणं ही लक्षणं थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी येतात. या माणसाचा वास औषधाने गेला की आजाराने, की एकाने दुसरं आणलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मी लिहून घेत होते. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "नळी मी धरायची."

"म्हणजे?"

"ते पुढं मारायचे, मी मागून नळी ओढायची. वेलीत अडकती ना. वारा फिरला की सगळं माझ्यावर. लुगडं पार भिजायचं."

तोंडाला काय बांधायच्या म्हटलं तर पदर. भिजलेलं लुगडं कधी बदलायच्या म्हटलं तर त्या हसल्याच. दुपारची भाकरी त्याच लुगड्यात, आणि ती वहीत मांडायची काही गोष्ट नव्हती. माझ्यासमोर दोन खुर्च्या होत्या आणि केसपेपर एकाच माणसाचा. मी त्यांचा हात हातात घेऊन मनगट फिरवून बघितलं. सैल होतं, ठीक होतं. चालायला लावलं, दोन्ही हात हलत होते. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

आता सावधगिरीचं बोलणं, कारण हे वाचून कुणी बाग उपटायला निघू नये. एका माणसाकडे बोट दाखवून याला औषधामुळेच झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही, जगात कुणीच सांगू शकत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत, शिक्षिका आहेत, आयुष्यात पंप न धरलेले आहेत. वय हे सगळ्यात मोठं कारण, काही घरांत जनुकं. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की गेल्या पंचवीस वर्षांत पार्किन्सन्सचे रुग्ण दुप्पट झाले, २०१९ साली जगात ८५ लाखांच्या वर होते. फ्रान्स, क्यूबेक आणि २०२४पासून जर्मनीनेही काही अटींवर शेतकऱ्याचा हा आजार कामातून आलेला मानायचं ठरवलं. जर्मनीची अट साधारण अशी, की स्वतःच्या हाताने केलेल्या फवारणीचे किमान १०० दिवस भरलेले हवेत. द्राक्षवाल्याने हा आकडा वाचून गप्पच बसावं. पावसाळी वर्षी एकेका आठवड्यात किती वेळा टाकी भरावी लागते ते त्याचं त्याला माहीत.

आपल्याकडे विष चढून माणूस तिथल्या तिथे दगावला तर सरकारला दिसतो. २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना वीसहून अधिक जणांचा जीव गेला तेव्हा सगळी यंत्रणा हलली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची जी शेतकरी अपघात योजना आहे, तिच्यातही कीडनाशकाची विषबाधा अपघातात धरतात, मृत्यू झाला तर वारसांना दोन लाख. ते योग्यच. पण अपघात म्हणजे एका तारखेला घडलेली गोष्ट. दहा-पंधरा हंगामांत थेंब थेंब आत गेलेल्याला तारीख नसते, आणि तारीख नसलेल्याला अर्ज करायला नमुनाच नाही.

भाऊजींशी शेवटी बोलणं झालंच, उन्हाळ्यात, खरड छाटणीच्या वेळी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काय करू वहिनी, फवारू नको? एक डाऊनीचा अ‍ॅटॅक आला की वर्ष गेलं. कर्ज तुमच्या परिषदेतले लोक फेडणार का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. जे सांगण्यासारखं होतं ते सांगितलं: कालवताना हातमोजे, कारण सगळ्यात दाट औषध तेव्हा हाताला लागतं, वारा बघून फवारणं, भिजलेले कपडे लगेच बदलून वेगळे धुणं, आणि नळीमागे बाईमाणूस नको. यातलं दुसरं ते आधीपासून करत होते, औषध वाया जातं म्हणून. हातमोजे आता गाडीतून टाकीपर्यंत आलेत. घालतात की नाही ते मी विचारत नाही, जाऊबाई सांगतात. कधी हो, कधी नाही. मजुरांच्या नावांबद्दल मात्र ते ठाम आहेत, त्या रकान्यात अजून त्यांचंच नाव.

माझ्या केसपेपरवर मी तीन ओळी वाढवल्या आहेत. शेती आहे का, पीक कोणतं. फवारणी कोण करतं, किती वर्षं. नळी कोण धरतं. हे भरायला वेळ लागतो. रिसेप्शनवरची मुलगी म्हणते, मॅडम, आता कागद दोन पानी झाला, आणि लोक विचारतात की पाय जड पडण्याचा आणि द्राक्षाचा काय संबंध. गावातल्या दोन सहकाऱ्यांनी या ओळी त्यांच्याकडेही घेतल्या. तिसऱ्याचं म्हणणं असं, की उत्तर काहीही आलं तरी गोळी तीच लिहायची, मग विचारायचं कशाला? तो माझ्याहून चांगला डॉक्टर आहे आणि त्याची स्वतःची पिंपळगावला सात एकर बाग आहे. त्याला अजून पटवतेय.